कापसाच्या खोलीतली भाडेकरू

झरी जामणीच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा यवतमाळच्या मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मी तिथं सगळ्यांत मिसळून राहणार. आपल्याच कोंडाळ्यात राहून माणूस आंबतो." निरोपसमारंभातही याच विषयावर बोलले. टाळ्या पडल्या.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. लोकांनी तो विकलाच नव्हता. घराघरांत छतापर्यंत कापूस. भाड्यानं खोली मिळेना. शेवटी दोनच निघाल्या. एक शिवणकाम करणाऱ्या आपांकडची, स्वच्छ, हवेशीर, रिकामी. दुसरी एका वहिनींकडची, निम्मी कापसानं भरलेली. वहिनींनी दारातच विचारलं, "यवतमाळच्या का तुम्ही? कोणाच्या?" मी आडनाव सांगितलं. "अगंबाई, म्हणजे आपल्यातल्याच की!" मी तिथल्या तिथं बॅग खाली ठेवली.

आपांना सांगितलं, "ती खोली शाळेला जवळ पडते." शाळा त्यांच्या अंगणातून दिसत होती.

थोड्याच दिवसांत अंगाला खाज सुटली. साठवलेल्या कापसानं असं होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फळ्यावर 'विविधतेत एकता' लिहिताना माझ्या एका हातात खडू आणि दुसरा हात मानेवर. मुलं खुसखुसायची. संध्याकाळी वहिनी यवतमाळात कुणाचं लग्न कुणाशी ठरलं ते सांगत बसायच्या. मला त्यात काडीचा रस नव्हता. तरी बसायचे. त्यांच्या वरणाला माझ्या आईच्या वरणाची चव होती आणि त्यांना काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं.

एकदा ब्लाउज शिवायला आपांकडे गेले. माप घेताना त्यांनी माझ्या दंडावरचे चट्टे पाहिले.

"या अल्ला! मॅडम, कायले अंग सोलून घेऊन राह्यल्या? आमची खोली रिकामीच आहे."

"वहिनींना वाईट वाटेल हो."

"अन् तुमच्या चामडीले?"

रविवारी सामान हलवलं. आता आपण खरोखर मिसळलो, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश. पण आपा आणि मी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत होतो. त्या विचारायच्या, "पानी गरम करू का?" मी म्हणायचे, "कशाला त्रास!" गाडी पुढं सरकेना.

मग एकदा ब्लाउजची काजं करता करता त्या म्हणाल्या, "माझं माहेर यवतमाळच. नगरपालिकेच्या शाळेत गेलती मी."

"कोणत्या?"

तीच, माझीच! मग कान पिळणाऱ्या गणिताच्या बाई निघाल्या, आपांनी त्यांची नक्कल केली आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी लगेच घरी फोन केला. "आई, आपा अगदी आपल्यासारख्याच आहेत गं!" आई म्हणाली, "बरं झालं बाई." मिसळण्याच्या नावाखाली मी आणखी एक यवतमाळकरीण शोधून काढली होती.

पुढं शाळेत एक कोलाम आदिवासी शिक्षक रुजू झाले. मधल्या सुट्टीत ते एकटेच डबा खायचे. त्यांच्याशेजारी जाऊन बसायला मला बरेच दिवस लागले. बसले आणि अर्थातच विचारलं, "शिक्षण कुठं झालं? यवतमाळला?"

"नाही. तिकडं, जंगलापल्याड. तुम्ही पाहिलं नसेल ते गाव."

पाहिलं नव्हतं. विचारायला दुसरं काही सुचेना. शेवटी त्यांनीच लोणचं माझ्यापुढं सरकवलं.