सासूबाईंचं नाक आणि माझी तेलं

सासूबाईंनी पुन्हा परतीच्या तिकिटाचा विषय काढला आणि त्यांना थांबवायचंच असं मी ठरवलं. प्रेमाने वगैरे मुळीच नाही. आमच्या पोरीला कीटात, म्हणजे इथल्या जर्मन पाळणाघरात, उन्हाळ्याआधी जागा मिळत नव्हती आणि माझी रजा संपत आली होती. आई भारतात परत गेल्या असत्या तर माझ्या नोकरीचे बारा वाजले असते.

"झोपच लागत नाही गं मला इथे," त्या म्हणाल्या.

मी बाह्या सरसावल्या. शेजारच्या वाल्डॉर्फ गावात सुगंधी तेलांचा एक संध्याकाळचा कोर्स नुकताच केला होता ना! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी. बदामाच्या तेलात थेंब टाकायचे, तपकिरी बाटलीत हलवायचं आणि झोपताना मनगटाला चोळायचं.

लॅव्हेंडर हुंगून आई म्हणाल्या, "लॉजमधला साबण." निलगिरीला, "कुणाला सर्दी झालीय?" लेमनग्रासला तर त्या चिडल्याच. "अगं, गवती चहा हा! चहात टाकायचा सोडून उशीला काय फासतेस?" सिट्रोनेलाला नुसतं "डास" म्हणाल्या.

"गेनाऊ!" सोफ्यावरून नवरा खिदळला. अगदी बरोबर म्हणे. त्यालाच त्या तेलात बुडवावंसं वाटलं.

शेवटी उरली वेटिव्हरची बाटली. कोर्सवाल्या बाईंनी मन शांत होतं म्हणून गळ्यात मारली होती. मला चिखलाचा वास आला म्हणून कपाटात मागे ढकललेली. आईंनी टोपण काढलं आणि बाटली परत परत हुंगली.

"वाळा आहे हा," त्या म्हणाल्या.

खरंच की! पुण्यात वाढले आणि वाळा ओळखू नये? कर्म माझं.

"थेंबभर पाण्यात टाक बघू."

"अहो आई, हे पोटात नसतं घ्यायचं!"

"मग काय उपयोग मेल्याचा?" म्हणाल्या, पण बाटली सोडेनात. "माठात वाळ्याची जुडी हेच टाकायचे." हे म्हणजे माझे सासरे. "ते गेले आणि मी माठ माळ्यावर टाकला. एकटीसाठी कोण भरतो? झोप मला तिकडेही लागत नाही गं."

मला रडूच आलं. नवरा उठला आणि गाडी घेऊन गेला. परत आला तो झाडाची मातीची कुंडी घेऊन. "माठ नाही मिळाला," म्हणाला. बुडाला हे एवढं भोक!

"बापाची अक्कल नाही घेतलीस," आई म्हणाल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या. मग त्यांनी कुंडी पाण्यात भिजवली, आतून वाळ्याचे थेंब चोळले आणि हीटरवर पालथी घातली. घरभर ओल्या मातीचा वास सुटला.

"मग तिकिटाचं काय करायचं, आई?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी कुंडीवर हात फिरवून पाहिला. सुकत आली होती.

"आणि हिला रोज भिजवणार कोण? तुम्ही दोघं?"