शेंदराखालची चीर

हातातलं हत्यार तुटलं, की तुम्ही आधी कुणाकडे बघता? मालकाकडे, हत्यार घडवणाऱ्याकडे, नशिबाकडे... की स्वतःच्या हाताकडे? मी विचारतो आहे, कारण पंचविशीपर्यंत मी फक्त मालकाकडे बघत आलो, आणि मला दुसरीकडेही बघायला लावणारा माणूस जाऊन आता चाळीस दिवस उलटले.

बातमी मला धुळ्याच्या छापखान्यात मिळाली. एका पत्रकाचं प्रूफ तपासत होतो, तेवढ्यात शहाद्याहून, त्यांच्या दुकानात काम करणाऱ्या सुकलालचं कार्ड आलं. सुकलाल डाव्या हाताने लिहितो, त्यामुळे अक्षरं एकेक, सुटी. ‘मिस्तरी शुक्कारले गयात. दुकान मी उघडस.’ बस, एवढंच. मी पोचलो तेव्हा मातीला दोन दिवस होऊन गेले होते. दुकान खरोखरच उघडं होतं आणि सुकलाल एक पंप खोलून बसला होता. मी रडायच्या तयारीने गेलो होतो, तर त्याने माझ्या हातात रॉकेलचा डबा दिला आणि धरायला सांगितला.

कादर मिस्त्रींचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. तापीकाठच्या केळीला आणि उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं, पंप, आणि हंगामात गावातल्या कापूस-जिनिंगची यंत्रं, हे त्यांचं काम. घरात हिंदी बोलत, पण दुकानात आलेल्याशी अहिराणीच. त्यांच्याकडे तीन पुलर होते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गियर किंवा चाक दांड्यावर घट्ट बसलेलं असतं. ते घणाने ठोकून काढलं तर दांडा वाकतो, दात उडतात. पुलरचे तीन पाय चाकाच्या मागे नखं रोवतात, मधला आट्यांचा स्क्रू दांड्याच्या टोकावर रेटत जातो, आणि चाक सरळ बाहेर ओढलं जातं. आमच्याकडे त्याला सगळे खेकडा म्हणत. मिस्त्रींनी तिन्ही खेकडे स्वतः घडवले होते, नंदुरबारहून आणलेल्या भंगारातल्या लोखंडाचे. साऱ्या तालुक्यात ज्याला लागेल तो घेऊन जाई.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो वर्गणी मागायला. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मी जिनिंग कामगारांसाठी पत्रकं लिहीत होतो आणि मला वाटे की जगातली प्रत्येक गोष्ट दोन बाजूंच्या कागदावर मावते. मला बघितलं की मिस्त्री विचारत, “काय छापखाना, आज कोनले फाशी दिधी?” मी चिडे. पण जाणं सोडवत नसे, कारण त्या माणसाचं काम बघत बसावंसं वाटे. खेकड्याची नखं सटकतात, अशी तक्रार घेऊन शेतकरी येत. मिस्त्री नखावर बोट फिरवत आणि ते बोट त्यालाच दाखवत. ग्रीस. आट्यांना वंगण हवं आणि नखं कोरडी हवीत; लोक नेमकं उलट करत. स्क्रू फिरेना म्हणून कुणी येई, तर मिस्त्री आधी विचारत की स्क्रू दांड्याच्या बरोबर मध्यावर होता का, तिन्ही पाय सारखे धरले होते का. तरीही चाक हललं नाही तर काय करायचं, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. थांबायचं. चाकाला ब्लो-लॅम्पची ऊब द्यायची, स्क्रूच्या टोकावर हलकी टिचकी मारायची, पाव फेरा द्यायचा आणि पुन्हा थांबायचं. “ताण दिधा ना? आते त्याले विचार करू दे,” असं ते म्हणत, आणि खरंच, काही वेळाने ते चाक ‘टक्’ आवाज करून सुटे.

खेकडा बाहेरून परत आला की त्याची तपासणी होई. आट्यांत अडकलेला कचरा तारेच्या ब्रशने काढायचा. मग सगळा रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, त्यावर शाळेच्या खडूची पूड फासायची, आणि बाहेर जाऊन एक विडी ओढायची. कुठे चीर गेलेली असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उठते. अशी रेघ उठलेला पाय मिस्त्री जोडत बसत नसत. तो भंगारात जाई आणि नवा घडवला जाई. ही तपासणी त्यांनी कधी चुकवली नाही. एकदाच चुकवली.

त्या साली तापीकाठचे नरोत्तमभाई पाटील यांनी मोठा खेकडा नेला होता. गुजर शेतकरी, केळीचे मोठे बागाईतदार, माणूस भाविक. दसऱ्याला त्यांच्या इंजिनाची पूजा झाली तेव्हा शेजारी खेकडा ठेवलेला होता. ज्याने आपलं इंजिन वाचवलं त्याला कसं वगळायचं? नरोत्तमभाईंनी त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला, पायापासून नखापर्यंत, देवाला लावतात तसा जाड, आणि वर झेंडूची माळ घालून बैलगाडीतून मानाने परत पाठवला. मिस्त्री बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, हे मी समोर बसून पाहिलं. रॉकेलचा डबा जवळ होता. पण त्यांनी तो उचलला नाही. कुणी इतक्या भावाने लावलेला शेंदूर आपण, आणि तोही रॉकेलने, धुऊन टाकायचा... त्यांना ते जमलं नाही. माळ काढून त्यांनी खुंटीला अडकवली आणि खेकडा तसाच, लालभडक, फळीवर ठेवला.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली असताना आत मुख्य दांड्यावरच्या गियरचा दात गेला. फिटर होता सुकलाल. त्याने मिस्त्रींचा लाल खेकडा आणला, लावला, ताण दिला आणि थांबला. मॅनेजरला थांबणं बघवेना. त्याने स्क्रूच्या हँडलला चार हाताचा लोखंडी पाईप घालायला लावला आणि दोघांना ओढायला सांगितलं. पाय मोडला. तुटलेला तुकडा सुकलालच्या उजव्या हातावर बसला आणि त्याची दोन बोटं गेली.

मॅनेजरने त्याच दिवशी हात वर केले. हत्यार बाहेरचं, खोटं, त्यात आमचा काय दोष? पाईपचं नाव सुकलालशिवाय कुणी काढीना. पाईप घालणाऱ्याला आणि ओढणाऱ्यांना नोकरी हवी होती. भरपाईसाठी सरकारी साहेब धुळ्याहून येणार होते. मी पत्रक लिहिलं, ‘घाईने खाल्लेली बोटं’, आणि त्यात ठासून लिहिलं की पुलर निर्दोष होता. मिस्त्रींची सही घ्यायला गेलो. त्यांच्यासमोर मोडलेल्या पायाचे दोन तुकडे होते. त्यांनी मला मोड दाखवली. निम्मा भाग काळपट, तेल मुरलेला. निम्मा चांदीसारखा, दाणेदार.

“हाई काळं देखस ना? हाई जुनं शे. हाई मन्हं. आनि हाई चकाकस ते पाईपनं.”

मी त्यांना सांगितलं की हे साहेबांपुढे बोललात तर सुकलालला काही मिळणार नाही, मॅनेजरला हेच हवं आहे. त्याच्या घरात पाच माणसं आहेत. आपली लढाई खरी आहे, त्यात एवढी एक गोष्ट न बोलल्याने काय बिघडतं? मी बराच वेळ बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझं पत्रक मला परत दिलं.

“अर्धा आटावर बोल्ट टिकत नही, भाऊ.”

मी त्या दिवशी त्यांना भित्रा म्हणालो. तोंडावर म्हणालो, आणि ते मला अजून लागतं.

चौकशी जिनिंगच्या ऑफिसात झाली. मिस्त्री दोन्ही तुकडे फडक्यात बांधून घेऊन गेले. टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं की चीर जुनी होती, ती शेंदराखाली होती, आणि शेंदूर पुसून बघणं त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही. मॅनेजर हसला. देव केला होता म्हणे खेकड्याचा, असं काहीतरी पुटपुटला. साहेबांनी विचारलं, चीर असताना नुसत्या हाताच्या ताणाने पाय मोडला असता का? मिस्त्री म्हणाले, त्या दिवशी नसता मोडला; पण कधीतरी, दुसऱ्या कुणाच्या हातात मोडला असता. कुणाला वाचवायला नाही आणि कुणाला बुडवायला नाही, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगावा तसं सांगितलं. मी खाली बघत होतो. मला वाटलं, संपलं सगळं. मग दाराजवळचा एक मजूर पुढे आला. पाईप त्याने घातला होता. त्याने साहेबांना सांगितलं, “पाईप मी घाला. मॅनेजरनी सांगा म्हनीसन घाला.” त्याच्यामागून ओढणारे दोघेही बोलले. तिथे माझं पत्रक कुणाच्या हातात नव्हतं. एका माणसाने आपली चूक मोठ्याने सांगितली, आणि बाकीच्यांना आपापली सांगायची लाज उरली नाही... एवढंच झालं.

सुकलालला भरपाई मिळाली. पण जिनिंगने त्याला परत घेतलं नाही, आणि मिस्त्रींना तीन हंगाम आत पाऊल ठेवू दिलं नाही. मिस्त्रींनी सुकलालला बोलावलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. डाव्या हाताने पाना धरायला त्यांनीच शिकवलं. मी पत्रक पुन्हा लिहिलं, या वेळी चिरेसकट. ते बाजारात वाचलं गेलं आणि शेंदराची गोष्ट नरोत्तमभाईंच्या कानावर गेली. ते दुकानात आले, उभेच राहिले, आणि त्यांनी विचारलं, “मिस्तरी, शेंदूर मन्हाच व्हता ना?” मिस्त्रींनी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

“शेंदूर तुमना, डोळा मन्हा. बठा, चहा ल्या.”

पुढे सगळी वर्षं नरोत्तमभाईंचं इंजिन मिस्त्रींनीच सांभाळलं, आणि खेकडा परत आला की कुणी कितीही सजवून आणला असला तरी त्या माणसासमोरच तो रॉकेलमध्ये जाई. राग कुणाला आला नाही. आपण उगाच भीत होतो, असं मिस्त्री म्हणत.

आता एक काम आहे, म्हणून हा लेख. मिस्त्री कुणाला काय दिलं ते कधी लिहून ठेवत नसत. तीनपैकी मधल्या मापाचा खेकडा ते आजारी पडायच्या आधीपासून बाहेर आहे, कुठे ते सुकलालला माहीत नाही. तुमच्या गोठ्यात, पंपघरात, इंजिनाच्या मागे तो पडलेला असेल तर शहाद्याला आणून द्या. धुऊन, रंगवून, पूजा करून आणू नका. जसा आहे तसा आणा. त्याच्यावर घण मारला असेल, पाईप लावला असेल, तो वरून पडला असेल, तर ते सुकलालला तोंडाने सांगा. तो रागावणार नाही, नावही विचारणार नाही. तुमच्यानंतर हा खेकडा ज्याच्या हातात जाईल, त्याची दहाही बोटं अजून शाबूत आहेत. तेवढं बोला, आणि मग खेकडा खाली ठेवा.