मारून घेणारी

“घाबरू नकोस गं. ही आपलीच आहे. ती मारून घेणारी.”

ईशाची आई हे बोलली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. कमरेचा पट्टा बांधत होते. बाईंनी आवाजसुद्धा खाली केला नाही. कशाला करतील? खुर्चीसमोर कुणी आवाज खाली करतं का? ईशा हसली. निर्धास्त झाली.

कराटेची मोठी स्पर्धा होती ती. पुण्यातले झाडून सगळे क्लास आलेले. प्रत्येकाचा बॅनर वेगळा, घोषणा वेगळ्या, आणि एकमेकांकडं बघायची नजर मात्र एकच, खाऊ की गिळू. ईशाच्या अकादमीची पोरं एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये. आम्ही बिबवेवाडीच्या वस्तीतले, शाळेच्या पटांगणात शिकलेले. मी नववीत होते. आधीच्या फाइट मी मारून जिंकले होते. सेमीफायनलला माझ्यासमोर ईशा आली.

आता ‘मारून घेणारी’ म्हणजे काय ते सांगते. अकादमीतल्या मुलींना सरावाला समोर कुणीतरी लागायचं. त्यांनी एकमेकींना जोरात मारलं की त्यांच्या आया भांडायला यायच्या. म्हणून आमच्या सरांना निरोप यायचा, ‘तुमची ती मुलगी पाठवा.’ मी जायचे. छातीला पॅड बांधून उभी राहायचे. त्यांनी लाथा घालायच्या, ठोसे मारायचे. मी परत मारायचं नाही. हलायचंही नाही, त्यांचा नेम चुकतो म्हणून. बदल्यात अकादमीचे जुने ग्लोव्हज आणि पॅड आमच्या क्लासला मिळायचे.

सर म्हणायचे, “तुझ्यामुळं सगळ्या पोरांची सोय होते.” मला वाटायचं, केवढी मी कामाची! मूर्ख कुठली. आई मंडईत कोथिंबीर-मिरची घेऊन बसायची. माझ्या मांडीवरचे काळेनिळे डाग बघून म्हणायची, “खेळ म्हटलं की लागणारच.” तिला मी कधी सांगितलंच नाही की खेळायच्या त्या. मी नाही.

फाइट सुरू झाली. ईशानं पहिलीच लाथ घातली, मी खाल्ली. दुसरी खाल्ली. हात वर होते, पण पुढं जाईनात. ईशासमोर नुसतं खायची अंगाला सवयच लागलेली. तिला पॉइंटवर पॉइंट. आमची पोरं बोंबलत होती, “अगं, मार ना!” सर मात्र हाताची घडी घालून उभे. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी मान फिरवली. तेव्हा लख्ख कळलं. ह्यांनासुद्धा मी हरायलाच हवी होते.

मग ईशाची लाथ आली आणि मी बाजूला सरकले. एवढंच केलं. ती वैतागली. भर मॅटवर मला म्हणाली,

“हलू नकोस ना!”

मुद्दाम नाही म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. तेच झोंबलं. त्या पोरीला खरंच वाटत होतं, मी तिथं तिचा नेम लागावा म्हणून आहे. डोक्यात तिडीक गेली. पुढं झाले आणि तिच्या छातीवरच्या पॅडवर सरळ ठोसा दिला. नियमातला. ती मटकन खाली बसली.

रेफ्रीनं मला पॉइंट दिला. तिची आई धावत मॅटच्या कडेला आली. “अहो, हिला आवरा! ही काय पद्धत झाली?” वर्षभर मी खात होते तेव्हा पद्धत कुणाला आठवली नव्हती. वेळ संपली. जिंकली ईशाच. माझा तो एक पॉइंट, तिचे ढीगभर.

सरांनी मला कोपऱ्यात ओढलं.

“जा, माफी माग त्यांची. सामान बंद केलं तर पोरं काय करतील?”

“फाइटमध्ये मारलंय सर. माफी कशाची?”

“फार शहाणी झालीस.”

“मग उद्यापासून तुम्ही जा उभे राहायला.”

हे माझ्या तोंडून निघालं, माझाच विश्वास बसेना. सरांनी थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर. मी रडले नाही, माफीही मागितली नाही. माझा क्लास त्या दिवशी सुटला. अकादमीचं सामानही बंद झालं. वस्तीतल्या पोरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ग्लोव्हज हिच्यामुळं गेले, असंच त्यांना सांगितलेलं. आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं माझ्या मांडीवरच्या डागांवर हात ठेवला. मग म्हणाली, “मेले सगळे.” तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आज मी वस्तीतल्या मुलींना शिकवते. समाजमंदिरात, सतरंजीवर. परवा एका अकादमीतून फोन आला. गोड आवाज. “मॅडम, तुमच्याकडची एखादी मुलगी सरावाला पाठवाल का? आमच्या मुलींची स्पर्धा जवळ आलीये. आम्ही तुम्हाला मॅट देऊ की.”

माझ्या पोरींचे गुडघे सोलवटलेत. रोज दिसतात मला. तरी म्हटलं, “मुलगी मिळणार नाही. तुमच्या मुली इकडं पाठवा. इथं दोघीही मारतात.”

पलीकडून फोन आपटला. आपटू दे. मॅट नसली तर फरशीवर शिकू. पण माझी एकही पोर कुणासमोर नुसती उभी राहायला जाणार नाही.