आजोबांची नजर

नातवंडांनो, जुन्या फोटोत आजोबांच्या पुढे उभी असलेली बाई कोण, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. लग्नाआधी आजोबांचं तिच्यावर प्रेम होतं. पुढे ती आमदार झाली, तिला धमक्या आल्या आणि पोलीस खात्याने अंगरक्षक म्हणून नेमकं त्यांनाच दिलं. मी मत्सराने जळत अमरावतीहून तिच्या अकोल्याच्या सभेला गेले. सभाभर ते गर्दीकडेच पाहत होते, तिच्याकडे एकदाही नाही.

घरी मी म्हटलं, "तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही वाटतं तुमची?"

"तिच्याकडं पायत रायलो त चाकूवाल्याले कोन पायीन?" ते म्हणाले. "अन् तू तिसऱ्या रांगेत तोंड झाकून काहून बसली होती?"

आता ती दोघंही नाहीत. माझा मत्सर मात्र शाबूत आहे.