तिसऱ्या शिफ्टमधले सर्टुइन

“हायपोग्लायसेमिया,” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणजे रक्तातली साखर फार खाली गेली. शुगरच्या पेशंटची साखर वाढते, तशी गोळीमुळे घसरतेही. वेळेवर आणलंत.”

पप्पांना ग्लुकोज लावलं होतं. दुपारी आई त्यांना जेवायला उठवायला गेली, तर ते घामाने निथळत होते आणि तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसे बघत होते. ते चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर आहेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. तेव्हा तिसरी चालू होती: रात्रभर काम, सकाळी घरी.

मला वाटलं, गुन्हेगार सापडला. कंपनीच्या बसमधल्या एका मित्राने पप्पांना कॅप्सूल विकल्या होत्या. डबीवर लिहिलेलं, ‘सर्टुइन जागवा, म्हातारपण थांबवा.’ लहानपणापासून मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाचत आणि वाटत आलेय. या लुटीविरुद्धचं पत्रक रिक्षातच मनात तयार झालं होतं.

डॉक्टरबाईंनी डबी फिरवून पाहिली. “या बंद करा. आत काय आहे, मलाही सांगता येणार नाही. पण साखर यांच्यामुळेच उतरली असं मी म्हणणार नाही. सर्टुइन मात्र खरे असतात हं.”

खरे? मग मी डॉक्टरबाईंची पाठच धरली. पप्पा वॉर्डात असेपर्यंत त्यांच्या प्रत्येक राउंडला माझा एक प्रश्न ठरलेला.

सर्टुइन हा पेशींतल्या प्रथिनांचा एक गट आहे. इतर प्रथिनांना चिकटलेल्या बारीक रासायनिक खुणा ते काढतात. कुठला जीन चालू ठेवायचा, तुटलेला डीएनए कसा सांधायचा, साखर आणि चरबी कशी वापरायची, या सगळ्यात त्यांचा हात असतो. कामासाठी त्यांना एनएडी नावाचा रेणू लागतो. वय वाढतं तसा तो शरीरात बऱ्याच ठिकाणी कमी होताना दिसतो. म्हणून मधुमेह, लिव्हरवरची चरबी, मेंदूचे आजार यांच्या संशोधनात सर्टुइनचं नाव सारखं येतं.

“म्हणजे आमच्या मेंटेनन्ससारखे,” पप्पा खाटेवरून म्हणाले. “माणसं हायत, पण सामान मिळत नाही.”

“तसंच काहीसं, काका. आणि झोप-जाग ठरवणाऱ्या शरीराच्या घड्याळाशीही ते जोडलेले आहेत.”

मी ताठ बसले. “मग शिफ्ट बदलत ठेवून कंपन्या कामगारांना लवकर म्हातारं करतात, हे सिद्ध झालंय?”

“नाही. उंदरांमध्ये बरंच काही दिसलंय, माणसांमध्ये चित्र अजून धूसर आहे. रात्रपाळीचा आणि मधुमेहाचा संबंध आढळतो. पण तुझ्या वडिलांचा आजार त्यानेच झाला, असं कुणी सांगू शकत नाही.”

मला रागच आला. त्या पप्पांकडे वळल्या. “काका, शुगरची गोळी कधी घेता?”

“चिठ्ठीवर लिहिलंय तशी. सकाळी, नाश्त्याआधी.”

“तिसऱ्या शिफ्टला?”

“घरी आलो की. तीच सकाळ ना?”

“आणि नाश्ता?”

“कसला नाश्ता!” आई म्हणाली. “आले की आडवे. पोहे झाकलेले तसेच.”

गोळी साखर उतरवत राहिली, पोटात अन्नाचा कण नव्हता. पप्पांनी चिठ्ठी मोडली नव्हती. या माणसाची सकाळ म्हणजे झोपायची वेळ, हे लिहिणाऱ्याने विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आणि तिसरी शिफ्ट नको म्हणून लिहून दिलं. तो कागद पप्पा कंपनीत द्यायला तयार होईनात.

“माझी तिसरी कुणाच्या गळ्यात मारू? प्रेसवरच्या सुभाषच्या? त्याला पण शुगर हाय.”

“आणि प्रेसवर चक्कर आली तर, पप्पा? हात जाईल!”

“मग सुभाषचा जाऊ दे?”

मी कागद-पेन घेऊन बसले. मी पत्रक लिहिलं, पण त्यात ‘सिद्ध’ हा शब्द नव्हता. एकच प्रश्न होता: तिसऱ्या शिफ्टला तुम्ही शुगरची गोळी कधी घेता? पप्पांनी ते बसमध्ये वाटलं.

“सकाळी, उपाशीपोटी. का रे?” सुभाषकाका म्हणाले. मागून कॅप्सूलवाला ओरडला, “मी पण तशीच घेतो, भावा!”

“तुझे सर्टुइन झोपले होते काय रे?” कुणीतरी म्हणालं आणि बसभर हशा पिकला.

मग शुगरवाल्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून ‘तिसरी नको’ असे कागद आणून कंपनीत एकत्र दिले. सुभाषकाका तयार झाल्यावरच पप्पांनी आपला त्यात घातला. त्या सगळ्यांची तिसरी बंद झाली.

तुमच्या घरात कुणी शिफ्टमध्ये असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. झोप कधी, जेवण कधी, तेही सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आता तिसरी जास्त करून माझ्या वयाच्या पोरांच्या वाट्याला येते. “ताई, आमचे सर्टुइन तरुण हायत,” ते म्हणतात. त्यांना किती वर्षं हे झेपेल, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “विचारत राहा.”

मी त्यांचे आभार मानले. ‘माहीत नाही’ हे उत्तर मला याआधी कुठल्याच पत्रकात मिळालं नव्हतं.