उर्वेचा करडा पट्टा

उर्वेला गप्पांपेक्षा आकड्यांची हौस. एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रस्ते कचेरीत बसून ती हिवाळाभर गोठलेल्या समुद्राचा आलेख काढायची. माणसं बर्फाला भोकं पाडून जाडी मोजत, उर्वे ती संगणकात भरी. मधली रेघ म्हणजे सरासरी जाडी. रेघेच्या दोन्ही अंगांचा करडा पट्टा म्हणजे तो अंदाज किती इकडेतिकडे होईल ते. पट्ट्याची खालची कड बावीस सेंटिमीटरच्या वर चढली, की बेटापर्यंत बर्फावरून गाड्या सोडायच्या, असा कचेरीचा शिरस्ता.

त्या वर्षी बर्फ धड जमेना, धड वितळेना. बेटाची फेरीबोट अडकून पडलेली, आणि बेटावर उर्वेचा बाप, वाम्बोला नावाचा, अंथरुणाला खिळलेला. हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेतो म्हटलं, तर म्हातारा डॉक्टरवरच खेकसला, की मी मरायचा तो माझ्या घरात मरेन, तुम्ही तुमचं बघा. असला हट्टी! त्याला फक्त लेक हवी होती, आणि हेलिकॉप्टर काही लेकींना पोचवत नाही. त्याचं अन्नपाणी तुटलंय, असं शेजारीण फोनवर सांगायची. उर्वेचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पट्ट्याची कड मात्र बावीसच्या खालीच. साहेब माद्दीस म्हणाला, अंदाज पक्का नाही ना, मग भोकं वाढवा. चौपट भोकं पाडली, तसा पट्टा आक्रसला आणि कड वर आली. उद्या सकाळी रस्ता उघडायचं ठरलं. उर्वेने घरी जाऊन काळा पाव आणि धुरी दिलेली मासळी बांधून ठेवली.

सकाळी आलेख लोकांपुढे टाकण्याआधी तिने पहिल्यांदाच प्रत्येक भोकाचा ठिपका पट्ट्यावर उमटवून पाहिला. सरासरी तसूभरही हलली नव्हती. भोकं वाढली म्हणून सरासरीचा अंदाज पक्का झाला, एवढंच. बर्फ होता तेवढाच होता. बर्फाखालच्या प्रवाहाच्या अंगाची भोकं तर पंधरा-सोळावरच अडकलेली, पट्ट्याच्या कितीतरी खाली. गाडी काय सरासरीवरून चालते? इतकी वर्षं हाच पट्टा काढत आली बाई, आणि हे आज दिसलं.

ती उठून माद्दीसच्या टेबलाशी गेली. पट्टा चुकलाय, म्हणाली, आणि काढलाय मीच. माद्दीसने आलेख पुढे ओढला.

"उर्वे, तुझा बाप आहे ना पलीकडे?"

"म्हणून तर आत्ता सांगतेय. तासाभराने माझ्याच्याने सांगवणार नाही."

तिने सगळ्या भोकांना पोटात घेणारा पट्टा काढला. तो एवढा रुंद झाला आणि त्याची कड बावीसच्या इतकी खाली गेली, की कोणी वादच घातला नाही. रस्ता बंद राहिला. बेटावरच्या लोकांनी कचेरीला फोन करकरून शिव्या घातल्या.

मग तिने बापाला फोन लावला. रस्ता उघडला का, त्याने विचारलं.

"नाही बाबा. मीच उघडू दिला नाही."

म्हाताऱ्याने फोन उशीवर कानाशी घेतला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पण फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. कचेरीतलं, बाजारातलं, सुचेल ते बोलत राहिली. तो आधी हुंकार देत होता, नंतर तेही थांबलं, तरी ती बोलतच होती. संध्याकाळी त्याच्या उशीवरचा फोन शेजारणीने उचलला.

"उर्वे," ती हळू आवाजात म्हणाली, "आता ठेव."