नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं पुस्तक

मास्तरांचं पुस्तक निघालं त्या दिवशी त्यांच्या ओटीवर आम्ही पाच माणसं होतो. दाजी मास्तर स्वतः. त्यांची थोरली बहीण अक्का. टपाल वाटणारा गोविंद. ओरोसच्या कचेरीतले परब भाऊसाहेब. आणि मी सुभद्रा, मासे विकणारी. शाळेतून बाकं आणली होती, चाळीस माणसं बसतील एवढी. आम्ही चौघं एका बाकावर मावलो. मास्तर उभे होते, कारण पुस्तक त्यांचं होतं.

मी दुसरीपर्यंत शिकले. मी सांगते आणि माझी नात लिहिते.

मास्तरांची एक सवय होती. गोविंदाच्या सायकलची घंटी वाजली की ते ओटीवरून उठून माजघरात जायचे आणि तिथून विचारायचे, "परत इला?" गोविंद म्हणायचा, "नाय इला." मगच बाहेर यायचे. पुस्तकाचे कागद त्यांनी पुण्याला एका प्रकाशकाकडे पाठवले होते. परत आले म्हणजे नको, नाही आले म्हणजे अजून आशा. दोन वर्षं मी हे बघितलं, कारण माझी टोपली रोज त्याच वेळेला अक्काच्या दारात उतरायची.

पुस्तक आमच्या वाडीतल्या माणसांवर होतं. मास्तर संध्याकाळी किनाऱ्यावर होडीला टेकून बसायचे. माणसं जाळी सांधत बोलायची आणि मास्तर वहीत लिहून घ्यायचे. माझा घोव वामन सगळ्यात जास्त बोलायचा. घरात मात्र मुका. जेवायचा आणि झोपायचा. मला वाटायचं, ह्याच्याकडे शब्दच नाहीत. ते सगळे मास्तरांच्या वहीत जात होते.

एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर वामनची होडी गेली ती आली नाही. फळीसुद्धा आली नाही. दोन मुली होत्या. तिसऱ्या आठवड्यात मी टोपली डोक्यावर घेतली. त्या दिवशी मास्तरांनी कधी नव्हे ते स्वतः बाहेर येऊन मासे घेतले. टोपली उतरायला हात दिला. मला ते बरं वाटलं.

मास्तरांचे कागद पुण्याला असताना परब भाऊसाहेबांनी आपल्या कवितांचं पुस्तक स्वतःच छापून घेतलं. मास्तरांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांच्या ओटीवर शाळेतले शिक्षक, लिहिणारे, वाचणारे जमायचे, त्यांना ते म्हणाले, "स्वतःचं पुस्तक स्वतः छापणं म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःला नमस्कार घालणं. परक्या माणसाने म्हटलं पाहिजे, हे चांगलं आहे. मी काय त्या कार्यक्रमाला जाणार नाही." मग दुसरं कोण जाणार?

मी बांगडे मोजत होते. म्हटलं, "मास्तरांनू, मी माझ्याच तोंडान माझो बांगडो ताजो म्हणतंय. तुमी घेतास मा?"

"बांगड्याचो वास येता गो. पुस्तकाचो वास कोणाक येता?"

"मगे नाकाक लावन बघा," मी म्हटलं. शिक्षक हसले. मास्तर पण हसले, पण मत काही बदललं नाही.

मग एक दिवस गोविंद म्हणाला, "इला." मास्तर माजघरातून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुण्याहून चिठ्ठी होती. लिखाण चांगलं आहे, पण ही भाषा कोणाला कळणार नाही. माणसांचं बोलणं शुद्ध करून पाठवा, मग बघू. मास्तरांना आनंदच झाला. नाही म्हटलं नव्हतं ना. अख्खा पावसाळा बसून त्यांनी पुस्तक पहिल्यापासून परत लिहिलं. झाल्यावर मला म्हणाले, "बस गो. वामनचो भाग तुका वाचून दाखयतंय."

मी टोपली बाजूला ठेवली. त्यांनी वाचलं, "माझ्या आगमनापूर्वीच माझी पत्नी भोजनाची सिद्धता करते. तिचे श्रवण अत्यंत तीक्ष्ण आहे."

मी विचारलं, "ह्यो कोण बोलता?"

"वामन."

"माझो घोव खंयच्या कचेरीत कामाक होतो?"

अक्का आतून हसली. मास्तर हसले नाहीत. कागद खाली ठेवून समुद्राकडे बघत राहिले. मला वाटलं आपण बोलायला नको होतं. माणसाचा अख्खा पावसाळा गेला होता त्यात.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सुभद्रे, वामन एकदा बुडालो. माका तो परत बुडवूचो नाय. मी स्वतःच छापतलंय. जसा तो बोललो तसा."

"आणि आरशातलो नमस्कार?"

"घालतलंय," मास्तर म्हणाले. "हात माझेच आसत."

कुडाळच्या छापखान्याने नुसते कागद छापून दिले. एस.टी.च्या टपावरून ते गोणपाटात बांधून आले. सोळा पानांची एक घडी, अशा घड्या घालायच्या आणि शिवायच्या. घड्या अक्का आणि मास्तर घालायचे. शिवायचं काम मी घेतलं, जाळी सांधून माझा हात बसलेला होता. छापखान्यातून सुती दोरा दिला होता. मी तो बोटांत फिरवून बघितला. म्हटलं, हा खाऱ्या हवेत दोन वर्षांत कुजणार. मी घरातून जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणला आणि जाळ्याची गाठ मारतात तशी घट्ट गाठ मारली. तीनशे पुस्तकं. मास्तर ओढून बघायचे आणि खूश व्हायचे. "तुझ्या जाळ्यातसून मासो सुटना नाय, माझी पानां खंय सुटतली?"

मग तो दिवस आला. मास्तरांनी सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं होतं. चारची वेळ होती. साडेपाच वाजले तरी बाकं तशीच. वाडीतले गडी होड्या घेऊन गेले होते. शिक्षकांतला एकही आला नाही. स्वतः छापलेलं पुस्तक ते पुस्तक नव्हे, हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

परब भाऊसाहेब ओरोसहून दोन एस.टी. बदलून आले होते, हातात नारळ घेऊन. मास्तर त्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, मी तुमच्या वेळेला आलो नव्हतो."

"माहीत आहे."

"दुसऱ्यांनाही येऊ दिलं नाही."

"तेही माहीत आहे. आता सुरू करा. बाकांकडे बघू नका, समोरच्या माडाकडे बघून बोला. मी तसंच केलं होतं."

मास्तरांनी माडाकडे बघून दोन शब्द सांगितले. मग पुस्तक उघडून वाचलं, "मी येवच्या आदी ती भात वाडूक घेता. होडी दिसाक नाय, पण तिका कळता. लोक म्हणतत समुद्र मोठो. माझ्या बायलेचो कान मोठो."

गोविंद मोठ्याने म्हणाला, "अरे, ह्यो वामनच रे!" मी पदर तोंडाला लावला. वामनला जाऊन सहा वर्षं झाली होती. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. पुढचं त्यांनी वाचलंच नाही, पुस्तक मिटलं. परब भाऊसाहेबांनी नारळ फोडला. पेलाभर पाणी निघालं, ते आम्ही पाच जण प्यायलो.

पुस्तकं काही फार गेली नाहीत. सावंतवाडीच्या दुकानदाराने विचारलं, प्रकाशकाचं नाव कुठे आहे? पुस्तकं माळ्यावर चढली. मास्तरांच्या ओटीवर येणारं माणूस कमी झालं. गोविंदाची घंटी वाजली तरी आता ते बसून राहायचे, कारण कशाची वाट बघायची नव्हती. अक्का म्हणायची, बसून बसून ओटीला खळगा पडेल.

तीन-चार वर्षांनी मात्र त्यातलेच शिक्षक आपापल्या वह्या घेऊन एकेकटे यायला लागले. पुण्या-मुंबईहून त्यांचेही कागद परत आले होते. ते विचारायचे, कुडाळचा छापखाना कसा आहे? मास्तर सगळं नीट सांगायचे. कधी कुणाला टोमणा मारला नाही. शेवटी एवढंच म्हणायचे, "आणि दोरो सुती वापरा."

मला राग यायचा. एवढं मी शिवून दिलं, आणि हा माणूस माझ्यासमोर सुती म्हणतो. पण मी विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही.

मास्तर गेले ते दुपारी, ओटीवर, खुर्चीत. गोविंद घंटी वाजवत आला तरी उठले नाहीत म्हणून कळलं.

दिवसकार्य झाल्यावर अक्काने मला माळ्यावर नेलं. पुस्तकांचे गठ्ठे होते. मी एक उघडलं तर पानं हातात आली. नायलॉनचा दोरा कुजत नाही, पण तो कागद कापतो. घडीच्या जागी सुरीने कापल्यासारखं झालं होतं आणि माझी गाठ तशीच घट्ट. एका बाजूला तीसेक पुस्तकं वेगळी ठेवली होती. ती मास्तरांनी उसवून सुती दोऱ्याने परत शिवली होती. टाके वेडेवाकडे. सगळं एकट्याने.

"पयल्याच पावसात तेका कळलां," अक्का म्हणाली. "सुभद्रेक सांगू नको म्हणालो."

तिने त्यातलं एक मला देऊ केलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. तेव्हा माझ्या पुस्तकाची पानं जागेवर होती, निदान मला तसं वाटलं.

आता माझ्या पुस्तकात एकशे तेरावं पान नाही. कधी सुटलं, कुठे उडालं, माहीत नाही. एकशे बाराव्याच्या खाली वामन बोलतो, "माझ्या बायलेचो कान मोठो. एक दिस तिका मी". तिथे पान संपतं. थोरल्या मुलीने पूर्वी एकदा पुढचं वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी मासे चिरत होते, मान वर केली नाही. वाटलं, पुस्तकात आहे, जातं कुठे. आता तिलाही शब्द आठवत नाहीत. म्हणते, "आई, अर्थ सांगू?" अर्थ मला नको.

अक्का भाच्याकडे बेळगावला गेली, तिथेच वारली. घर विकलं. माळ्यावरच्या पुस्तकांचं काय झालं, कोणी सांगत नाही.

म्हणून जो कोणी हे वाचेल त्याला सांगते. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. वर होडी आहे, प्रकाशकाचं नाव नाही. कोणाकडे असलं तर एकशे तेरावं पान आहे का बघा. असलं तर आधी सुती दोऱ्याने शिवून घ्या. मग त्या पानावरचं वामनचं बोलणं कागदावर उतरून मला पाठवा. जसं आहे तसं उतरा. सुधारू नका.